मूळ मूर्ती, उत्सवमूर्ती आणि डी-टाइप जॅग्वार

बऱ्याच देवळांत मूळ मूर्ती गाभारा सोडत नाही. पालखीत बसते ती उत्सवमूर्ती. तिला ऊन लागतं, गुलाल लागतो, गर्दीत धक्केही बसतात. पालखीपुढे हात जोडणाऱ्याला हा फरक ठाऊक असतो, आणि आपली फसवणूक झाली असं त्याला कधी वाटत नाही.

इंग्लंडात जुन्या रेसिंग गाड्या बाळगणाऱ्या काही मंडळींनी हीच वहिवाट घालून घेतली आहे. खरी जॅग्वार डी-टाइप घरच्या गॅरेजमध्ये झाकून ठेवलेली, आणि शर्यतीच्या दिवशी ट्रॅकवर उतरते ती तिच्या मापाबरहुकूम बांधलेली दुसरी गाडी. कारण समजण्यासारखं आहे. १९५६ ची फ्रान्समधली ल मां शर्यत जिंकलेली डी-टाइप २०१६ साली अमेरिकेतल्या लिलावात सुमारे २ कोटी १८ लाख डॉलरला विकली गेली. एवढ्या मोलाची वस्तू पावसात, दुसऱ्याच्या चाकाला चाक भिडवून पळवायला कुणाचंही मन कचरणार.

मग ट्रॅकवरची ती दुसरी गाडी म्हणजे नेमकं काय? नक्कल म्हणायची, खोटी म्हणायची, की तीही डी-टाइपच? आणि गॅरेजमधल्या ‘खऱ्या’ गाडीचं इंजिन, बॉडी, चाकं सत्तर वर्षांत तीनदा बदलली असतील, तर ती तरी खरी कशी? जुन्या ब्रिटिश गाड्यांच्या जगात या प्रश्नांवरून मैत्र्या तुटल्या आहेत, कोर्टकचेऱ्या झाल्या आहेत. माझं मत आधीच सांगून टाकतो: गाडीची ओळख पत्र्यात थोडी आणि तिच्या न तुटलेल्या हकिकतीत बरीच असते. आणि जी प्रतिकृती आपण प्रतिकृती आहोत हे उघड सांगते, तिच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. असं का वाटतं ते कळायला या गाड्या जन्मल्या कशा, तिथून सुरुवात करावी लागेल.

अँबेसिडरच्या भावकीतली स्पोर्ट्‌स कार

दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा ब्रिटनची तिजोरी रिकामी होती. डॉलर कमावणं हा जगण्यामरण्याचा प्रश्न होता. सरकारने पोलादाचं वाटपच निर्यातीशी बांधून टाकलं: जो कारखाना माल परदेशी धाडेल, त्याला पत्रा मिळेल. अमेरिकेत मोठ्या, जड, आरामशीर गाड्यांना तोटा नव्हता. छोटी, उघडी, दोन माणसांची, घाटात चपळाईने वळणारी गाडी मात्र तिथे जवळजवळ कुणी बनवत नव्हतं. ब्रिटिशांना ती बनवता येत होती.

पण नवीन इंजिन घडवायला लागणारा पैसा बहुतेकांकडे नव्हता. म्हणून घरगुती गाडीचं इंजिन, गिअरबॉक्स, अ‍ॅक्सल घ्यायचे आणि त्यावर हलकी बॉडी चढवायची, हा मार्ग रूढ झाला. १९५५ ची एमजीए घ्या. तिच्या बॉनेटखाली १४८९ सीसीचं इंजिन होतं, बीएमसी कंपनीच्या ‘बी-सीरिज’ घराण्यातलं. त्याच घराण्यातलं, त्याच १४८९ सीसीचं इंजिन आपल्या अँबेसिडरने वर्षानुवर्षं वागवलं. म्हणजे ज्या इंजिनाने आपल्याकडे लग्नाची वऱ्हाडं वाहिली, त्याच्या भावंडाला दोन कार्ब्युरेटर जोडून, हलक्या बॉडीत बसवून कॅलिफोर्नियाच्या रस्त्यांवर पाठवलं गेलं. एमजीए एक लाखाहून जास्त बनल्या आणि बहुतेक अटलांटिकपार गेल्या. ट्रायम्फ स्पिटफायरचंही तसंच. तिच्या तळाशी ट्रायम्फ हेरल्डची चासी, म्हणजे सांगाडा होता, आखूड केलेला. ही हेरल्ड मद्रासमध्ये ‘स्टँडर्ड हेरल्ड’ म्हणून बनत असे. पन्नाशी-साठी ओलांडलेल्या वाचकांपैकी कुणी ना कुणी तिच्यात नक्की बसलं असेल.

साध्या इंजिनाची गाडी वेगवान कशी व्हायची? वजनामुळे. गाडी हलकी असली की तेवढ्याच ताकदीत ती लवकर वेग घेते, लवकर थांबते, आणि वळणावर टायरवर कमी ताण येतो. इंजिनाची ताकद दुप्पट केली तर फायदा फक्त सरळ रस्त्यावर. वजन कमी केलं तर फायदा सगळीकडे. या विचाराची परमावधी म्हणजे लोटस कंपनीचे संस्थापक कॉलिन चॅपमन यांची लोटस सेव्हन. १९५७ ची ही गाडी म्हणजे नळ्यांचा सांगाडा, त्यावर अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा, चार चाकं, आणि जेमतेम पाचशे किलो वजन. दारं नाहीत, छप्पर नावापुरतं.

लोटस सेव्हन कारखान्यातून सुट्या भागांतही मिळायची आणि त्यामागे कराचं गणित होतं. ब्रिटनमध्ये तेव्हा तयार गाडीवर जबर खरेदी-कर होता, पण सुट्या भागांचा संच घेऊन घरी स्वतः गाडी जोडली तर तो कर लागत नसे. अट अशी की जोडणी व्यावसायिकाकडून करून घ्यायची नाही. जोडणीच्या सूचना सोबत देता येत नाहीत, म्हणून गाडी सुटी कशी करायची याच्या सूचना दिल्या जात आणि गिऱ्हाइकाने त्या शेवटून सुरुवातीकडे वाचायच्या, अशी एक गोष्ट या वर्तुळात आवडीने सांगतात. १९७३ साली तो कर जाऊन व्हॅट आला आणि सवलत संपली. त्याच वर्षी लोटसने सेव्हनचे हक्क केटरहॅम या विक्रेत्याला दिले. केटरहॅम ती गाडी आजही बनवते.

या कराने नकळत एक मोठं काम केलं. हजारो ब्रिटिश माणसं शनिवार-रविवारी आपल्या शेडमध्ये गाडी जोडायला शिकली. प्रतिकृतींची पुढची सगळी दुनिया या शेडमधून उभी राहिली. तिचा एक धागा थेट आपल्या कोकणात पोचतो. अलिबागजवळ कार्लेखिंडीत चिंकारा मोटर्स या छोट्या कंपनीने लोटस सेव्हनच्या वळणाची रोडस्टर बांधली. तिची बॉडी फायबरची आणि इंजिन इसुझूचं, १.८ लिटर पेट्रोल, म्हणजे पुढच्या काळातल्या अँबेसिडरमध्ये होतं ते. घरगुती गाडीचं इंजिन आणि वर हलकी बॉडी, हा जुना इंग्रजी शिरस्ता कार्लेखिंडीत जसाच्या तसा पाळला गेला.

प्रोटोटाइप म्हणजे काय

एरवी प्रोटोटाइप म्हणजे कारखान्यातला पहिला नमुना. शर्यतीच्या भाषेत या शब्दाला वेगळा, नियमातला अर्थ आहे. विक्रीसाठी ठरावीक संख्येने बनवलेली गाडी ‘स्पोर्ट्‌स कार’ किंवा ‘जीटी’ वर्गात उतरते. एक-दोनच बनवलेली, केवळ शर्यतीसाठी घडवलेली गाडी ‘प्रोटोटाइप’ वर्गात. पहिल्या वर्गात उतरायचं तर आपण इतक्या गाड्या बनवल्या हे नियामक संस्थेपुढे सिद्ध करावं लागतं. त्या मान्यतेला होमोलोगेशन म्हणतात. हा मोजणीचा नियम लक्षात ठेवा. पुढे एका फार देखण्या गाडीचं नशीब त्याने ठरवलं.

या सगळ्यांची पंढरी म्हणजे फ्रान्समधलं ल मां. साडेतेरा किलोमीटरच्या आसपासचा ट्रॅक, त्यात त्या काळी मुल्सान नावाचा सुमारे सहा किलोमीटरचा सलग सरळ रस्ता, आणि चोवीस तासांची शर्यत. जॅग्वारने १९५१ साली सी-टाइप ही गाडी खास तिथल्यासाठी बनवली आणि पहिल्याच वर्षी जिंकली. इंजिन एक्सके-१२० या विक्रीतल्या गाडीचंच होतं: सहा सिलिंडर, ३.४ लिटर. सांगाडा मात्र नळ्यांचा नवा, आणि बॉडी माल्कम सेयर यांनी आखलेली. सेयर आधी ब्रिस्टलच्या विमान कारखान्यात होते. हवा पत्र्यावरून कशी सरकेल हे ते गणिताने काढत, आणि तरीही त्यांच्या रेषा गवयाच्या मींडेसारख्या वाटतात. पुढच्या वर्षी अति वेगाच्या मोहात नाक लांब आणि खाली केलं, रेडिएटरला पुरेशी हवा मिळेना, आणि तिन्ही गाड्या तापून बाद झाल्या. १९५३ साली जुनं नाक परत आलं आणि सोबत एक नवी गोष्ट आली: डिस्क ब्रेक.

ड्रम ब्रेकमध्ये घर्षण बंद डब्यात होतं. उष्णता कोंडते, आणि पुन्हापुन्हा जोरात ब्रेक मारले की पकड ढिली पडत जाते. घाटात उतरणाऱ्या ट्रकच्या ब्रेकचा जळका वास ज्याने घेतला आहे त्याला हे वेगळं सांगायला नको. डिस्कमध्ये लोखंडी तबकडी उघड्यावर फिरते, दोन्ही बाजूंनी पॅड तिला चिमटीत धरतात आणि वारा तिला थंड करत राहतो. डनलॉपसोबत विकसित केलेले हे ब्रेक लावून टोनी रोल्ट आणि डंकन हॅमिल्टन यांनी ती शर्यत ताशी सुमारे १७० किलोमीटरच्या सरासरीने जिंकली. ताशी शंभर मैलांवरची ती ल मांमधली पहिली सरासरी. आज तुमच्या-माझ्या साध्या हॅचबॅकच्याही पुढच्या चाकांत डिस्क असते, तिची सार्वजनिक परीक्षा अशी झाली.

मग १९५४ साली डी-टाइप आली. या गाडीपाशी थोडं थांबतो, कारण तिची बांधणी समजली की ओळखीचा पुढचा सगळा गुंता समजतो. तोवर गाडी म्हणजे खाली सांगाडा आणि वर बॉडी. डी-टाइपमध्ये चालक बसतो तो मधला भाग विमानासारखा, अ‍ॅल्युमिनियमचे पत्रे रिव्हेट मारून केलेला पोकळ डबा होता. तो डबाच सांगाडा आणि तोच बॉडी. याला मोनोकॉक म्हणतात. इंजिन आणि पुढची चाकं धरणारी नळ्यांची चौकट त्या डब्याला पुढून जोडलेली. १९५५ पासून ही चौकट बोल्टने बसवायला लागले, म्हणजे अपघात झाला की पुढचा भाग उतरवून दुसरा चढवता येई. इंजिनाखालचं तेलाचं खोल भांडं काढून तेल वेगळ्या टाकीत ठेवलं, इंजिन थोडं कलतं बसवलं, त्यामुळे बॉनेट आणखी खाली आलं. चालकाच्या डोक्यामागचा तो माशाच्या पंखासारखा उभा पंख मुल्सानच्या रस्त्यावर ताशी पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास गाडी सरळ ठेवण्यासाठी होता.

डी-टाइप १९५५, १९५६ आणि १९५७ अशी सलग तीन वर्षं ल मां जिंकली. १९५५ चा विजय कुणाला साजरा करवला नाही. त्या शर्यतीत एक मर्सिडीज प्रेक्षकांत घुसली आणि ऐंशीहून अधिक माणसं गेली. मोटार शर्यतीच्या इतिहासातला तो सर्वांत काळा दिवस. १९५७ ला स्कॉटलंडच्या एकुरी एकोस या खासगी संघाने पहिले दोन क्रमांक घेतले, आणि पहिल्या चारही गाड्या डी-टाइप होत्या.

कंपनीने स्वतः शर्यती सोडल्यावर काही डी-टाइप विकल्याविना उरल्या. त्यांना बाजूचं दार, काच, बंपर आणि कापडी छप्पर देऊन एक्सकेएसएस नावाने रस्त्यावर विकायचं ठरलं. १२ फेब्रुवारी १९५७ च्या रात्री कॉव्हेंट्रीतल्या ब्राउन्स लेन कारखान्याला आग लागली. पंचविसांपैकी नऊ गाड्या त्यात गेल्या आणि सोळाच जगल्या. त्यांतली एक अमेरिकी अभिनेते स्टीव्ह मॅक्क्वीन यांच्याकडे होती.

ओल्ड नंबर वन आणि न्यायाधीश

रेसिंग गाडी त्या काळी पूजेची वस्तू नव्हती, हे विसरलं की सगळं चुकतं. ती अवजार होती. कुऱ्हाडीचा दांडा मोडला की बदलायचा, पातं झिजलं की नवं. शर्यतीत इंजिन फुटलं, दुसऱ्या गाडीचं टाकलं. पुढची चौकट वाकली, ती काढून मागच्या अंगणात फेकली. गाडी हंगामाअखेर जुनी झाली, किरकोळ दराने विकून टाकली. चाळीस वर्षांनी त्याच गाडीला कोट्यवधींचं मोल आलं, आणि कुणाला तरी अंगणातली ती वाकडी चौकट सापडली. त्यावर नंबर ठोकलेला होताच. त्याने ती सरळ केली, बाकीची गाडी तिच्याभोवती नव्याने बांधली. आता एकाच चासी नंबरच्या दोन गाड्या, दोन मालक, आणि दोघांच्या हातात पुरावा. असे वाद या क्षेत्रात खरोखर झाले आहेत, आणि काही ठिकाणी दोन्ही भाग विकत घेऊन एकत्र आणणं हाच तोडगा ठरला.

या विषयावरचा सर्वांत महत्त्वाचा निवाडा लंडनच्या न्यायालयात १९९० साली झाला. गाडी होती बेंटली स्पीड सिक्स, ‘ओल्ड नंबर वन’ नावाने ओळखली जाणारी. हिने १९२९ आणि १९३० अशी दोन वर्षं ल मां जिंकली होती, दोन्ही वेळा वुल्फ बार्नाटो चाकामागे होते. पुढे तिच्यात बदल होत गेले. १९३२ साली ब्रुकलँड्‌सच्या ट्रॅकवर क्लाइव्ह डनफी तिच्यासह कठड्यावरून बाहेर गेले आणि मरण पावले. तेव्हा तिच्यात आठ लिटरचं इंजिन होतं. त्यानंतर तिला बंद बॉडी बसवून रस्त्याची गाडी केली गेली. साठ वर्षांनी एका कंपनीने ती सुमारे एक कोटी पौंडांना घ्यायचं ठरवलं आणि मग माघार घेतली. त्यांचं म्हणणं असं की १९२९ च्या गाडीचं हिच्यात जवळपास काही उरलेलं नाही, सबब ही ती गाडी नव्हे.

न्यायमूर्ती ओटन यांनी प्रत्येक भागाचा इतिहास तपासला. खरेदीदाराचं एक म्हणणं त्यांनी मान्य केलं: १९२९ सालच्या रूपातली मूळ गाडी आज अस्तित्वात नाही. पण निकाल मालकाच्या बाजूने दिला. ही गाडी एका दिवशी मोडून दुसऱ्या दिवशी नवी बांधली, असं कधी घडलेलं नव्हतं. बदल टप्प्याटप्प्याने होत गेले, प्रत्येक टप्प्याला ती ‘ओल्ड नंबर वन’ म्हणूनच ओळखली गेली, आणि त्या नावावर हक्क सांगू शकेल अशी दुसरी गाडी जगात नाही. म्हणून ही अस्सल ओल्ड नंबर वन.

मला हा निकाल वाचताना आपल्याकडचे जीर्णोद्धार आठवतात. शिखर नवं, मंडप नवा, कधी चौथऱ्याचे दगडही नवे. तरी देऊळ तेच, कारण पूजा कधी खंडली नाही. न्यायमूर्तींनी गाडीला लावलेली कसोटी हीच होती.

ब्रिटनच्या परिवहन खात्यालाही हा प्रश्न टाळता येत नाही, कारण नंबर प्लेट कुणाला द्यायची ते त्यांना ठरवावं लागतं. खूप बदललेल्या गाड्यांसाठी तिथे अनेक वर्षं गुणांची पद्धत वापरली गेली. चासी किंवा मोनोकॉकला ५ गुण. सस्पेन्शन, अ‍ॅक्सल, गिअरबॉक्स आणि स्टिअरिंगला प्रत्येकी २. आणि इंजिनाला फक्त १. चौदांपैकी आठ मिळाले आणि त्यात चासीचे पाच असले तर जुना नंबर कायम. ज्या गाडीची ओळख किंवा वय सिद्धच होत नाही, तिला ‘क्यू’ अक्षराची प्लेट. आपण गाडीचं काळीज म्हणतो त्या इंजिनाला चौदातला एकच गुण, हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मला धक्का बसला होता. विचार केल्यावर पटलं. इंजिन बदलतंच राहतं, हे त्या कारकुनांना माहीत होतं.

नकलांची उतरंड

‘रेप्लिका’ या एका शब्दाखाली लोक फार वेगवेगळ्या गोष्टी कोंबतात. तिथूनच निम्मे गैरसमज होतात.

सर्वांत वर आहे ती कसबी प्रत, जिला तिकडे टूल-रूम कॉपी म्हणतात. मूळ गाडी किंवा तिचे कारखान्यातले नकाशे समोर ठेवून, त्याच धातूत, त्याच पद्धतीने बांधलेली. लाकडी साच्यावर अ‍ॅल्युमिनियम हाताने ठोकून बॉडी बनवतात, तेच वेल्डिंग, तेच रिव्हेट. डी-टाइपच्या बाबतीत एक सोय फार मोठी आहे. जॅग्वारचं ते एक्सके इंजिन १९४० च्या दशकाच्या अखेरीपासून १९९२ पर्यंत बनत राहिलं. म्हणजे पुढच्या काळातल्या एक्सजे-६ या घरंदाज सेडानमधलं इंजिन काढून डी-टाइपच्या प्रतीत बसवलं, तरी ते त्याच कुळातलं असतं. लिंक्स या ब्रिटिश कारखान्याने १९७० च्या दशकापासून ई-टाइप या जॅग्वारच्याच पुढच्या स्पोर्ट्‌स कारचे भाग वापरून डी-टाइपच्या ज्या प्रती बांधल्या, त्यांना आज स्वतःचा बाजारभाव आहे, स्वतःची प्रतिष्ठा आहे.

त्याखाली फायबरच्या बॉडीच्या प्रतिकृती. एका गाडीवरून साचा काढला की त्यातून शेकडो बॉड्या निघतात. आत सांगाडा नळ्यांचा, आणि इंजिन एखाद्या भंगारात निघालेल्या गाडीचं. अशा गाडीला तिकडे ‘डोनर’ म्हणजे दाता म्हणतात. अवयवदानाचा शब्द, आणि अगदी नेमका. या बहुतेक शेडमध्ये, स्वतःच्या हाताने बांधल्या जातात. सगळ्यांत खाली नुसतं रूप घेतलेल्या गाड्या, ज्यांचं मूळ गाडीशी नातं चेहऱ्यापुरतं.

जगात सर्वांत जास्त नकला झालेली गाडी बहुधा एसी कोब्रा. तिची कथा अर्धी इंग्रजी, अर्धी अमेरिकी. लंडनजवळ थेम्स डिटनला एसी नावाची छोटी कंपनी १९५३ पासून एस नावाची नाजूक उघडी गाडी बनवत होती. तिला मिळणारं ब्रिस्टलचं दोन लिटर इंजिन बंद होणार असं दिसू लागलं. त्याच सुमारास टेक्ससचे कॅरल शेल्बी, जे १९५९ साली अ‍ॅस्टन मार्टिनसाठी ल मां जिंकले होते आणि हृदयविकारामुळे शर्यतीतून निवृत्त झाले होते, त्यांनी एसीला विचारलं: तुमच्या गाडीत अमेरिकी व्ही-८, म्हणजे आठ सिलिंडरचं इंजिन बसेल का? फोर्डने इंजिन दिलं. १९६२ साली कोब्रा आली, आधी ४.२ लिटर, मग ४.७, शेवटी सात लिटरची. सातवाल्या इंजिनासाठी चासी आणि सस्पेन्शन नव्याने आखावं लागलं, चाकांवरचे पत्रे फुगवावे लागले, आणि आज सगळ्यांच्या डोळ्यांपुढे येतो तो हाच फुगीर रूपाचा कोब्रा. मूळ गाड्या सगळ्या मिळून हजाराच्या आसपास. प्रतिकृती इतक्या की रस्त्यात कोब्रा दिसली तर ती नक्कल असणार, असं डोळे मिटून म्हणावं.

याचं कारण गाडीच्या बांधणीतच आहे. सांगाडा दोन जाड नळ्यांचा, यंत्रणा उघडी, इंजिन कुठेही मिळणारं, आणि बॉडीत काच फक्त एक, पुढची. साचा काढायला याहून सोपी गाडी नाही. मोनोकॉक असलेल्या ई-टाइपची प्रतिकृती त्या मानाने फार अवघड, कारण तिथे बॉडी हाच सांगाडा. जी गाडी बांधायला सोपी, तिच्या नकला जास्त, हे इथलं साधं अर्थशास्त्र आहे.

कारखान्यानेच काढलेली प्रत

गेल्या दहा-बारा वर्षांत गुंता आणखी वाढला आहे, कारण मूळ कंपन्याच मैदानात उतरल्या. १९६३ साली जॅग्वारने हलक्या, अ‍ॅल्युमिनियमच्या अठरा रेसिंग ई-टाइप बनवायचं ठरवलं आणि बाराच बनवल्या. राहिलेले सहा नंबर वह्यांत रिकामे पडून होते. २०१४ साली कंपनीने त्या सहा गाड्या बांधायला घेतल्या. २०१६ साली आगीत गेलेल्या नऊ एक्सकेएसएस पुन्हा बांधण्याची घोषणा झाली. २०१८ साली डी-टाइपची पाळी: शंभर ठरल्या होत्या, पंचाहत्तर झाल्या, म्हणून आणखी पंचवीस. २०२१ साली सी-टाइप. या गाड्यांना ‘कंटिन्युएशन’ म्हणतात, म्हणजे थांबलेलं काम पुढे चालू. प्रत्येकीची किंमत दहा लाख पौंडांच्या वर आणि आजच्या सुरक्षेच्या नियमांमुळे रस्त्यावर नेता येत नाही.

जॅग्वार लँड रोव्हर २००८ पासून टाटा मोटर्सची आहे. म्हणजे साठ वर्षांपूर्वीच्या आगीत राख झालेल्या गाड्या कॉव्हेंट्रीच्या परिसरात पुन्हा उभ्या राहिल्या, तेव्हा कंपनीची मालकी मुंबईत होती. मला याचा अभिमान वाटतो, आणि तो लपवावा असं वाटत नाही.

पण या गाड्या मूळ की नक्कल? काही जण म्हणतात, तोच कारखाना, तेच नकाशे, सलग नंबर, म्हणजे मूळच. मला हे पटत नाही. कारखाना तोच म्हणावा, तर ब्राउन्स लेन केव्हाच बंद झाली आणि १९५७ ला पत्रा ठोकणारे हात आता नाहीत. मुख्य म्हणजे त्या गाड्यांना हकिकत नाही. एकुरी एकोसची डी-टाइप ल मांच्या अंधारात चोवीस तास पळाली होती. २०१८ ची गाडी त्या रात्री नव्हती. कारागिरी अत्यंत उच्च, हेतू प्रामाणिक, तरी मी तिला कंपनीने स्वतः काढलेली उत्तम प्रत म्हणेन. अ‍ॅस्टन मार्टिन आणि बेंटली यांनीही अशा गाड्या काढल्या आहेत. त्यांनाही हाच न्याय.

आणि प्रत असण्यात कमीपणा नाही. छापखाने येण्याआधी आपली सगळी विद्या प्रतींवरच जगली. पोथी उतरवून काढणारा लेखक शेवटी आपलं नाव, गाव, शक, तिथी लिहीत असे, आणि पुष्कळदा तो ठरलेला श्लोक: ‘यादृशं पुस्तकं दृष्टं तादृशं लिखितं मया’. जसं पुस्तक पाहिलं तसं लिहिलं. चांगल्या प्रतिकृतीच्या कागदपत्रांत याच ओळीचा अर्थ असावा लागतो: कुणी बांधली, कधी, कशावरून, कुठला भाग जुना आणि कुठला नवा. फसवणूक सुरू होते ती हा मजकूर खोडला जातो तेव्हा. बांधणारा बहुतेक वेळा खरं सांगतो. तिसऱ्या-चौथ्या मालकापर्यंत कागद हरवतात, प्लेट बदलली जाते, आणि प्रत हळूच मूळ होऊन बसते. म्हणून जाणकार मंडळी आधी फाइल मागतात, गाडीकडे नंतर वळतात. फाइलीत खरेदीच्या पावत्या, शर्यतीचे फोटो, जुन्या मालकांची पत्रं. मग चासीवरच्या अक्षरांचं वळण, रिव्हेटमधलं अंतर, वेल्डिंगची धाटणी. हाताने ठोकलेल्या जुन्या बॉडीच्या डाव्या-उजव्या बाजू मापाला सहसा तंतोतंत जुळत नाहीत. जुळल्याच, तर शंका घ्यायला जागा आहे.

उलटही घडतं, आणि ते मला फार आवडतं. फोर्ड जीटी-४० ही अमेरिकी नावाची गाडी इंग्लंडात स्लाव इथे बांधली जायची. उंची चाळीस इंच म्हणून ते नाव. तिचा १०७५ नंबरचा सांगाडा १९६८ आणि १९६९ अशी दोन वर्षं ल मां जिंकला, दुसऱ्या वर्षी चोवीस तासांनंतर जेमतेम शंभर-सव्वाशे मीटरनी. एकच गाडी, दोन विजय, कागद चोख. तिच्याबद्दल वाद नाही, आणि तिच्या प्रती जगभर आहेत. मूळ जितकं निःशंक, तितकी प्रत निर्धास्त.

एकुलती एक एक्सजे-१३

मोजणीच्या नियमाची आठवण ठेवायला सांगितली होती. जॅग्वारने १९६६ साली ल मांसाठी एक प्रोटोटाइप बांधला, एक्सजे-१३. पाच लिटरचं व्ही-१२ इंजिन चालकाच्या मागे, आणि बॉडी पुन्हा माल्कम सेयर यांची. माझ्या डोळ्यांना ही ब्रिटनमध्ये बनलेली सर्वांत सुंदर गाडी. पण काम रेंगाळलं आणि १९६८ पासून नियम बदलले. प्रोटोटाइपला तीन लिटरची मर्यादा आली. पाच लिटरपर्यंतचं इंजिन चालणार होतं, पण किमान पन्नास गाड्या बनवल्या असतील तर. जीटी-४० पन्नासांहून जास्त बनल्या होत्या, म्हणून तिचं पुढे चाललं आणि ते दोन विजय मिळाले. एक्सजे-१३ एकच होती. ती एकही शर्यत न खेळता झाकून ठेवली गेली.

२० जानेवारी १९७१ ला तिला बाहेर काढलं. व्ही-१२ इंजिनाची नवी ई-टाइप बाजारात येणार होती आणि तिच्या चित्रफितीत ही गाडी पळताना दाखवायची होती. चालक होते कंपनीचे परीक्षक नॉर्मन ड्यूइस. ननीटनजवळच्या चाचणी-ट्रॅकवर मोठ्या वेगात मागच्या चाकाने दगा दिला, गाडी उलटत-पालटत गेली, आणि ड्यूइस पुढच्या पत्र्याखाली अंग दडवून वाचले. गाडीचा चेंदामेंदा झाला.

काही काळाने बॉडीचे जुने साचे वापरून ती पुन्हा उभी केली. आज ती गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियमच्या संग्रहात आहे. बर्मिंगहॅम-कॉव्हेंट्रीकडे नोकरीला असलेल्या मराठी मंडळींना अर्ध्या-पाऊण तासाच्या अंतरावर. तिच्यासमोर उभे राहाल तेव्हा चाकांवरच्या पत्र्याकडे बघा. दुरुस्तीत त्या कडा मूळच्यापेक्षा थोड्या बाहेर आल्या, १९६६ च्या फोटोंशी त्या जुळत नाहीत. आणि ज्या मोजक्या लोकांनी एक्सजे-१३ च्या प्रतिकृती बांधल्या, त्यांतल्या काहींनी तेच जुने फोटो वर्षानुवर्षं मापत, अपघाताआधीची ती रेषा नव्या अ‍ॅल्युमिनियमवर ठोकून पुन्हा काढली आहे.